आठचा आकडा

खरं सांगू? लेकीच्या हातात स्कूटरची किल्ली मीच दिली, ती दहावीत असताना. सकाळी सहाचा क्लास, एवढ्या पहाटे रिक्षा मिळायची नाही आणि ह्यांची एमआयडीसीत पहिली पाळी. ‘सावेडीतल्या सावेडीत जा, मनमाड रोडला जाऊ नकोस,’ एवढं बजावलं की माझं काम झालं. तुमच्याकडेही थोड्याफार फरकानं हेच चालत असेल.

सोळाव्या वर्षी लायसन्स निघतं, असं आपण एकमेकींना सांगतो. निघतं, पण बिनगिअरच्या 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं. आपल्या दारातली स्कूटर 110 ची! शिवाय 2019 च्या कायद्यानं पोराच्या अशा गुन्ह्यात पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड होऊ शकतो. हे मला कळलं तेव्हा लेक दोन वर्षं गाडी पळवत होती.

अठरा पूर्ण होताच लर्निंग काढलं, तीस दिवस झाल्यावर टेस्टला गेलो. मला वाटलं, नुसता उपचार. आठ काढताना दुसऱ्या वळणावर तिचा पाय टेकला. नापास. आणि मी सगळ्यांदेखत बोलून गेले, ‘तीन वर्षं चालवतेस ना गं?’

घरी येईपर्यंत ती गप्प. रात्री ताट पुढे सरकवत म्हणाली, ‘आई, तुम्ही किल्ली दिलीत. शिकवलं कुणी?’

काय बोलणार? त्या रविवारी ह्यांनी मोकळ्या मैदानात चुन्यानं आठ आखला. वेग कमी ठेवून तोल कसा सांभाळायचा, हे तिला पहिल्यांदाच कुणी दाखवलं. मी मागे बसायला लागले, तोंड मिटून. हे फार अवघड, पण जमवून बघा. पोर कुठं घाबरतं ते मागच्या सीटवरच कळतं. आमची घाबरायची ती संध्याकाळच्या उसाच्या ट्रॅक्टरना. मागं दोन-दोन ट्रॉल्या, दिव्याचा पत्ता नाही. मग थोडं थांबायचं, ट्रॅक्टर पुढं जाऊ द्यायचा, एवढंच ठरवलं. घरी यायला पाच मिनिटं उशीर झाला तर झाला.

हेल्मेट मात्र बोलून चढलं नाही. ह्यांनी आरशाला अडकवायचं सोडून डोक्यात घातलं, तेव्हा तिनंही घातलं.

दुसऱ्या खेपेला पास झाली. लायसन्स घरी आलं, देवापुढं ठेवलं. परवा मी भाजीला निघाले, तर दारात आडवी उभी. ‘आई, तुझं लायसन्स दाखव.’

मुदत संपून दोन वर्षं झाली होती.