मोठीचे बारा हजार

मी ह्या घरात आले तेव्हा महिन्याच्या हिशेबाच्या वहीत एक ओळ आधीपासूनच होती : मोठीचे बारा हजार. मोठी म्हणजे नवऱ्याची पहिल्या लग्नाची मुलगी. ती तिच्या आईकडे कोथरूडला राहते, सुट्टीत आमच्याकडे चिंचवडला येते. हा आकडा न्यायालयानं ठरवून दिलेला होता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली. लग्न ठरतानाच मला ते सांगितलं होतं आणि माझी काही तक्रार नव्हती. पोटगीबद्दल बोलतात ते सहसा देणारे नाहीतर घेणारे. मी ह्या दोघांच्या मधल्या स्वयंपाकघरातून बोलते आहे.

आमचा मुलगा झाला आणि ओढाताण सुरू झाली. मला बिनपगारी रजा वाढवावी लागली, सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया निघाली, शिवाय नव्या फ्लॅटचा हप्ता होताच. “आता दोन लेकरं आहेत, एकीलाच एवढं कसं द्यायचं?” असं सासूबाई म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर ते कुणालाही पटण्यासारखंच होतं. नवऱ्यानं मोठीच्या आईला व्हॉट्सअ‍ॅप केला, ‘काही महिने सात हजारच जमतील.’ पलीकडून उत्तर आलं, ‘बरं.’

त्या ‘बरं’वर घर निश्चिंत झालं. पुढे थकबाकीच्या वसुलीचा अर्ज आणि समन्स हातात पडलं, तेव्हा नवरा फोन उघडून तो मेसेज आमच्या वकीलबाईंना दाखवत होता. त्यांनी चष्मा वर सरकवून वाचला आणि फोन परत दिला. “हिनं मेसेज वाचला, एवढंच ह्यातनं दिसतं. हुकूम कुणी बदलला?”

सगळी मेख इथेच आहे. परिस्थिती बदलली की रक्कम बदलून मागता येते. ती आपली आपण बदलता येत नाही. कलम १२७ त्यासाठीच होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर १२५ च्या जागी १४४ आणि १२७ च्या जागी १४६ आलं, पण गाभा तोच. नोकरी गेली, आजारपण आलं, नवं मूल झालं, तर पुरावे जोडून अर्ज करायचा आणि नवा हुकूम होईपर्यंत जुनाच आकडा भरत राहायचं. पूर्ण जमत नसेल तर अर्ज त्याच महिन्यात करायचा, उधारी साचल्यावर नाही. शिवाय पोटगी मुलीची असते. आईनं ‘राहू दे’ म्हटलं म्हणून मुलीचा हक्क संपत नाही.

थकबाकीबद्दल ओळखीपाळखीत दोन भलत्या समजुती ऐकल्या. एक, वर्ष उलटलं की सुटलो. कलम १२५ (आता १४४) खाली वसुलीचं वॉरंट मागायला रक्कम देय झाल्यापासून वर्षाची मुदत आहे हे खरं, पण समोरचा वकील झोपलेला असेल ह्या भरवशावर संसार करायचा का? दुसरी, महिनाभर आत जाऊन आलं की फिटलं. सर्वोच्च न्यायालयानं १९८८ सालीच सांगून ठेवलं आहे की तुरुंग हा वसुलीसाठीचा दबाव आहे, तुरुंगात गेल्यानं पैसे फिटत नाहीत.

तर आम्हीही रक्कम कमी करण्याचा अर्ज टाकला. तिथे खरी परीक्षा झाली. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ ह्या २०२० च्या निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता, कर्जं आणि अवलंबून असलेली माणसं ह्यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पगाराच्या पावत्या, बँकेची पानं, विवरणपत्रं, सगळं. त्यात आमचा फ्लॅट आला, गाडी आली, माझी नोकरीही आली. समोरून विचारणा झाली : धाकट्याची आईसुद्धा कमावते, मग त्याचा सगळा खर्च बापाच्या एकट्याच्या नावावर कसा दाखवलात? मला राग आला, आणि त्याला उत्तर नव्हतं. फ्लॅटच्या हप्त्याचंही तसंच. आयकर, भविष्य निर्वाह निधी अशा सक्तीच्या कपाती साधारणपणे धरल्या जातात. स्वतःच्या हौसेनं घेतलेलं घर मुलीच्या ताटाच्या आधी येत नाही.

आणि मग पलीकडून उलटा अर्ज आला, रक्कम वाढवून मागणारा. मोठी नववीत गेली होती, क्लास लागले होते, बारा हजारांचा हुकूम ती दुसरीत असतानाचा. परिस्थिती त्यांचीही बदललीच होती की! आपण दार उघडलं की वारा दोन्हीकडून येतो, हे अर्ज टाकण्याआधी कुणी बजावलं असतं तर बरं झालं असतं. त्यांची वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मिळालेली होती. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ‘तिला वकील परवडणार नाही’ हा आमच्या घरातला हिशेबही चुकलाच.

पाठोपाठ तारखा पडत गेल्या. शेवटी कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशकांसमोर बसून तडजोड झाली. बारा हजार कायम, क्लासची निम्मी फी वेगळी, थकबाकी हप्त्यानं. वकीलबाईंनी पुरसीस, म्हणजे न्यायालयात द्यायचं तडजोडीचं लेखी निवेदन, लिहून दोघांच्या सह्या घेतल्या आणि त्यावर हुकूम होईपर्यंत आम्हाला हलू दिलं नाही. तोंडी ठरलेलं तोंडीच राहतं, असं त्या दोनदा म्हणाल्या.

एक वेगळंच दुखणं मोजणीच्या वेळी कळलं. नवऱ्यानं मधल्या काळात मोठीला सायकल घेऊन दिली होती, सहलीचे पैसे रोख दिले होते, दिवाळीचे कपडे घेतले होते. त्यातला एक रुपयाही थकबाकीतून वजा झाला नाही. त्या भेटी, पोटगी नव्हे. तेव्हापासून दर महिन्याला पैसे बँकेतूनच जातात, शेऱ्यात महिना लिहून. सायकली वगैरे मायेच्या खात्यावर. घेणाऱ्या आयांनाही हेच सांगेन. रोख घेऊ नका, आणि रक्कम कमी आली तर उत्तरात ‘बरं’ लिहिण्यापेक्षा ‘पाच हजार बाकी’ असं लिहा.

आमच्या नात्यात तर बायकोनं दुसरं लग्न केलं म्हणून एकानं मुलाची पोटगी थांबवली होती. बायकोची पोटगी बंद होणं वेगळं. मुलाला सावत्र बाप आला म्हणून सख्ख्या बापाची जबाबदारी संपत नाही.

नवऱ्याचं अलीकडे एक चाललं होतं : अजून तीन-चार वर्षं, मग ती अठराची होईल. मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कलम १२५ (आता १४४) खालची मुलांची पोटगी सज्ञान होईपर्यंतच, अपंगत्व असेल तर गोष्ट वेगळी. पण हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० प्रमाणे लग्न न झालेली, स्वतःच्या कमाईवर भागवू न शकणारी मुलगी त्यानंतरही बापाकडे निर्वाह मागू शकते. घरी येऊन मी वहीत ‘मोठीचं कॉलेज’ असं नवं पान घातलं. नवऱ्यानं ते पाहिलं आणि त्याखाली प्रवेश फी, होस्टेल, लॅपटॉप असे रकाने स्वतःच आखले.