चरित्र अभिनेता म्हणजे काय? – निळू फुले : एक अभ्यास

गॅदरिंगची तारीख नोटीस बोर्डावर लागली की होस्टेलमध्ये दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे मेसच्या रांगेत 'हिरो कोण' यावर वाद सुरू होतो. दुसरी म्हणजे कोणीतरी मान तिरकी करून, घोगरा आवाज काढून 'वाड्यावर'ची नक्कल करतो आणि सगळी विंग हसते. ज्या माणसाची ही नक्कल करतो, त्याच्याबद्दल आपल्याला किती माहिती असते? मी दोन-तीन जणांना विचारलं. 'व्हिलन होता ना तो?' एवढंच उत्तर मिळालं. म्हणून हा लेख लिहायला घेतला.

आधी व्याख्या समजून घेऊ. नायक-नायिकेभोवतीची माणसं, म्हणजे पाटील, मास्तर, पुढारी, सासरा, सावकार, जो नट खरी करून दाखवतो तो चरित्र अभिनेता. सिव्हिलवाले मित्र लगेच समजतील. बिल्डिंगचं एलिव्हेशन सगळे बघतात, पण लोड कॉलमवर असतो! इंग्लंडमध्ये अशा नटांना फार मान आहे. अॅलेक गिनेस या नटाने १९४९ च्या एका चित्रपटात एकाच घराण्यातल्या आठ वेगवेगळ्या व्यक्ती उभ्या केल्या, त्यात एक बाईसुद्धा होती. आपल्याकडे त्या तोडीचं नाव घ्यायचं तर मी निळूभाऊंचं घेईन.

नीळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० चा. घरची परिस्थिती बेताची. तरुणपणी ते पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे. त्या तुटपुंज्या पगारातून काही रक्कम ते राष्ट्र सेवा दलाला देत. सेवा दलाच्या कलापथकात गाणी, नाटुकली, वगनाट्यं असायची, आणि त्यांचं अभिनयाचं शिक्षण तिथेच झालं. कोणतं ड्रामा स्कूल नाही की गॉडफादर नाही. सेवा दल म्हटलं की साने गुरुजी आठवतात, आणि गुरुजी तर आपल्या खान्देशचेच झाले होते. ते अमळनेरला शिक्षक होते, आणि १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचनं त्यांनीच लिहून घेतली. म्हणजे निळूभाऊ ज्या विहिरीचं पाणी प्यायले, तिचा एक झरा आपल्याकडचाही आहे.

'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांचं नाव महाराष्ट्रभर झालं. मग १९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' मधून ते पडद्यावर आले. तेव्हा वय अडतीस! आपल्याकडे फायनल इयरला कॅम्पसमध्ये नंबर लागला नाही तर पोरं रूमचं दार लावून बसतात. त्यांनी हे वय लक्षात ठेवावं.

आता त्यांच्या कामाकडे वळू. मी चार भूमिका निवडल्या आहेत. त्या एका ओळीत ठेवून पाहिल्या की हा नट किती मोठा होता ते कळतं.

१) सखाराम : विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' १९७२ साली कमलाकर सारंग यांनी रंगभूमीवर आणलं. सखाराम बुकबाइंडिंग करतो आणि नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना आपल्या अटींवर घरी आणून ठेवतो. तोंडाचा फाटका, हाताचा जड, पण ढोंगी नाही. या नाटकावर बंदी आली आणि प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं. असा माणूस प्रेक्षकाला आवडवायचाही नाही आणि निव्वळ राक्षसही करायचा नाही, हे अवघड काम निळूभाऊंनी केलं.

२) हिंदुराव धोंडे पाटील : 'सामना' (१९७४). लेखन तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. समोर डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर. हिंदुराव साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. धोतर, टोपी, गोड बोलणं. तो आरडाओरडा करत नाही. त्याला गरजच नसते, कारण सगळा गाव त्याच्या खिशात. मास्तर बेपत्ता मारुती कांबळेबद्दल विचारत राहतो, तसतसा हिंदुरावाच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास हळूहळू सुटत जातो. हे पाहण्यासारखं आहे. हा चित्रपट १९७५ साली बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. यातच एका छोट्या भूमिकेत आपल्या शिरपूरच्या पाटील घराण्यातली स्मिता पाटीलही दिसते.

३) आप्पाजी : जयवंत दळवींचं 'सूर्यास्त' हे नाटक. इथे हाच नट सत्ताधारी मुलाविरुद्ध उभा राहणारा म्हातारा गांधीवादी होतो.

४) दिगू टिपणीस : 'सिंहासन' (१९७९). अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर बेतलेला, पुन्हा जब्बार पटेलांचाच चित्रपट. दिगू हा पत्रकार. सगळे पुढारी त्याच्यासमोर एकमेकांचे पाय ओढतात आणि तो बघत राहतो. संवाद कमी, ऐकणं जास्त. शेवटचं त्याचं वेडसर हसणं विसरता येत नाही.

पाच वर्षांपूर्वी ज्याचा हिंदुराव पाहून लोक चिडत होते, त्याच्याच डोळ्यांतून ते आता राजकारण पाहू लागले. नट तोच, आवाजही तोच. बदलली ती नजर आणि थांबण्याची जागा. पुढे 'कुली' (१९८३), 'सारांश' (१९८४) अशा हिंदी चित्रपटांतही त्यांनी कामं केली. 'सारांश'मधला पुढारी गजानन चित्रे तर हिंदी बोलणारा असूनही अस्सल आपल्या मातीतला वाटतो.

आता थोडं स्पष्ट बोलतो. त्यांचा पाटील इतका खरा होता की गावोगावच्या बायका त्यांना प्रत्यक्षातही वाईट माणूस समजत. त्यांच्यासाठी ती शिव्यांची नव्हे, कौतुकाचीच पावती होती. सत्तेचा माज किती किळसवाणा असतो हे कळावं म्हणूनच ते तसं काम करत. आणि आपण काय करतो? कट्ट्यावर बसून मुली जाताना तीच नक्कल करतो. आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने मला सरळ सांगितलं, 'तुम्हाला तो विनोद वाटतो. आम्हाला मात्र रस्ता बदलावा लागतो.' निळूभाऊंनी ज्या माणसाला उघडं पाडलं, नेमका तोच माणूस आपण होऊन बसतो. नक्कल स्टेजवर जरूर करा, तिथे ती कला आहे. कॉरिडॉरमध्ये तिला दुसरं नाव आहे. सर-मॅडमनीही 'पोरं आहेत, चालायचंच' म्हणून सोडून देऊ नये, ही विनंती.

दुसरा धडा भाषेचा. आपल्यापैकी निम्मी पोरं घरी अहिराणी नाहीतर तावडी बोलतात, वर्गात इंग्रजीशी झटापट करतात आणि स्टेजवर गेलं की उसनी पुणेरी मराठी काढतात. त्यामुळे संवाद पाठ असूनही तोंडात बसत नाही. निळूभाऊंनी गावाकडची बोली लपवली नाही. तिच्यावर मेहनत घेतली. ही बोली आपलं भांडवल आहे, भाऊ! ती वापरायची सोडून आपण लाजतो.

तिसरी गोष्ट पडद्याबाहेरची. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते होते. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागूंसारख्या कलावंतांबरोबर त्यांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. ते पैसे चळवळीत पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी होते. १९९१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

एक सुचवतो. एखाद्या रविवारी कॉमन रूममध्ये 'सामना' आणि 'सिंहासन' लागोपाठ लावा. पहिल्या वेळी गोष्ट बघा. दुसऱ्या वेळी आवाज बंद करून फक्त निळूभाऊंचे डोळे बघा. आणि नाटकात तुम्हाला पाटलाचं किंवा मास्तराचं काम मिळालं तर नाक मुरडू नका. कॉलम व्हा. बाकीची इमारत तुमच्या भरवशावर उभी राहील.