निळी भिंत थंड असते का?



दिवाळीला किंवा लग्नकार्याला घर रंगवायचं निघालं की बैठकीत कोणी ना कोणी म्हणतंच, "आतून निळा मारा बाई, खोली थंड राहते. नारंगी मारला की गरम होते." हे कितपत खरं, ते पाहू.

निळा-हिरवा पाहिला की पाणी, झाडं आठवतात. लाल-नारंगी पाहिला की चूल, विस्तव. म्हणून खोली तशी वाटते. वाटणं खोटं नाही, पण दोन्ही खोल्यांत तापमापक टांगला तर आकडा जवळपास सारखाच येईल. आतल्या भिंतीवर ऊन पडतच नाही, मग रंग परतवणार काय? फिक्या रंगाने उजेड वाढतो, दिवसा बल्ब लागत नाही, एवढा फायदा मात्र आहे. पण निळ्या खोलीत थंड वाटतं म्हणून तान्हं लेकरू किंवा म्हातारी सासू भरदुपारी टिनाखाली निजवू नका. उन्हाचा झटका रंग पाहून येत नाही.

रंगाचं खरं काम बाहेरून, जिथे ऊन लागतं तिथे. आपल्या दारव्ह्यात २० मेच्या आसपास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, आपली सावली पायाखाली जाते. तेव्हा सगळ्यात जास्त ऊन खातं ते छत. त्यानंतर मावळतीकडची भिंत. काळपट स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच गरमी आत सोडतो. पांढरं छत बरंचसं ऊन परत फेकतं.

खात्री करायची तर पुढच्या बैठकीआधी दोन सारखे पत्र्याचे डबे घ्या. एक बाहेरून काळा करा, दुसरा पांढरा. सारखंच पाणी भरून, झाकण लावून दोन तास उन्हात ठेवा, मग बोट बुडवून पाहा.

अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेत खूप माणसं दगावली. तिथे २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांची छतं पांढरी करायला सुरुवात झाली. शेजारच्या तेलंगणाने तर २०२३ मध्ये त्यासाठी धोरणच केलं. अशा छताने घरात दोन-चार अंशांचा फरक पडू शकतो. ४५ अंशांच्या दिवसात तो कमी नाही.

म्हणून गटातून कर्ज काढून आतला महागडा रंग मारण्याआधी छताकडे पाहा. स्लॅब झाडून, धुऊन चुन्याचे दोन हात द्या, चिकटायला त्यात सरस घाला. चुना आदल्या रात्री भिजवा, पण ॲल्युमिनियमच्या भांड्यात नको, आणि भिजवताना लेकरं दूर ठेवा. तो उकळतो, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. टिनावर चुना टिकत नाही. गंज घासून बाहेरच्या कामाचा पांढरा रंग लावा. तेही जमत नसेल तर मावळतीच्या भिंतीला तरी चुना मारा. पावसाने चुना धुपतो, त्यामुळे दरवर्षी होळीच्या सुमारास पुन्हा एक हात द्यावा लागेल.

"मग थंडीत घर गारठेल ना?" असं एका ताईने विचारलं होतं. दिवसा थोडं गार राहील, हो. पण आपल्याकडे मे महिना भारी पडतो, डिसेंबरला गोधडी पुरते.