ई-मेलचे दुसरे कुलूप



एटीएममधून पैसे काढताना दोन गोष्टी लागतात : हातातले कार्ड आणि लक्षात ठेवलेला पिन. नुसते कार्ड सापडून चोराचे काम होत नाही, आणि नुसता पिन कळूनही होत नाही. अशा दोन वेगवेगळ्या खुणा तपासण्याला दुहेरी पडताळणी म्हणतात. मग आपल्या ई-मेलला एकटा पासवर्डच असेल, तर ते खाते कितपत सुरक्षित?

पासवर्ड जितका गुप्त राहील, तितकेच. 'माझा पासवर्ड अवघड आहे' असे आपण म्हणतो. पण अवघड पासवर्डही दोन वाटांनी बाहेर जातो.

पहिली वाट फसवणुकीची. मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना गूगलने पाठवल्यासारखे दिसणारे पत्र आले : पासवर्ड ताबडतोब बदला. तांत्रिक मदतनिसाने ते पत्र खरे असल्याचे कळवले. मात्र त्याने गूगलचा खरा पत्ता दिला होता आणि दुहेरी पडताळणी सुरू करा, असेही लिहिले होते. तरीही पासवर्ड गेला तो खोट्या पानावर. ऑक्टोबरपासून त्यांची हजारो पत्रे जगाने वाचली.

दुसरी वाट कंपनीच्या दारातून. २०१३ मध्ये याहूच्या सर्व, म्हणजे सुमारे ३०० कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. तिच्यात सांकेतिक रूपातले पासवर्डही होते. यात खातेदारांची काय चूक? अशा चोरीतून उलगडलेला पासवर्ड आपण इतरत्रही वापरत असू, तर तिथलेही दार उघडते.

ई-मेल गेला की बाकीचेही जाते. कोणत्याही संकेतस्थळावर 'पासवर्ड विसरलात?' हे बटण दाबले, की नवा पासवर्ड ठरवण्याचा दुवा बहुधा ई-मेलवरच येतो. प्रवेशअर्ज, शिष्यवृत्ती, फोटो या साऱ्यांच्या किल्ल्यांचा जुडगा तिथेच असतो.

दुसरे कुलूप असे चालते. फोनमधील ॲप एक गुप्त संख्या आणि घड्याळातील वेळ यांवरून सहा अंकी आकडा तयार करते. साधारणपणे तो दर ३० सेकंदांनी बदलतो. पासवर्ड चोरणाऱ्याजवळ आपला फोन नसतो, म्हणून तो दारातच अडतो.

हे कुलूपही अभेद्य नाही. आपणच तो आकडा कुणाला सांगितला किंवा खोट्या पानावर भरला, तर चोर आत येतो. एसएमएसने येणारा आकडा थोडा कच्चा, कारण ठग आपल्या नावे दुसरे सिमकार्ड काढू शकतो. तरीही एकट्या पासवर्डापेक्षा तो बरा.

स्वाध्याय
१. घरातील मोठ्या माणसांसोबत बसून ई-मेलच्या सुरक्षा विभागात दुहेरी पडताळणी सुरू करा.
२. फोन हरवल्यास उपयोगी पडणारे राखीव आकडे कागदावर उतरवून कपाटात ठेवा.
३. ई-मेलचा पासवर्ड आणखी कुठे वापरला आहे ते आठवा आणि तिथे वेगळा ठेवा.
४. एटीएम कार्डावरच पिन लिहून ठेवला, तर दुहेरी पडताळणी उरते का? कारण लिहा.