परवडणारी घरे : खर्च कोणाचा?

(एस. वाय. बी. ए., अर्थशास्त्र)

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा होत, असे आपण शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. परंतु या तिन्ही गरजा सारख्या नाहीत. तांदूळ पावशेर आणता येतो, कापड मीटरने आणता येते. घर मात्र पावशेर मिळत नाही. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या माणसाने सारे आयुष्य काटकसर केली तरी शहरातल्या जागेचा भाव त्याच्या पुढेच पळत राहतो.

माझे वडील गवंडी आहेत. गेल्या वीस वर्षांत त्यांनी पुण्याच्या भोवती किती घरांच्या भिंती उभ्या केल्या याची मोजदाद त्यांच्याजवळही नाही. आम्ही स्वतः भाड्याच्या एका खोलीत राहतो. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे सरकारी अर्ज भरण्याचे काम माझ्याकडे असते. म्हाडाच्या सोडतीत ‘२० टक्के योजने’तील घरासाठी अर्ज भरताना अण्णांनी विचारले, “पोरी, बिल्डरच्या इमारतीतलं घर आपल्याला एवढं स्वस्त मिळणार, म्हणजे पैसे कुणाच्या तरी खिशातनं जाणार. कुणाच्या?” मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा एका विद्यार्थिनीचा अल्प प्रयत्न होय.

पोटोमॅक नदीचे दोन काठ

मोठा गृहप्रकल्प उभारणाऱ्या विकासकाने त्यातील ठरावीक हिस्सा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडेल अशा किमतीत द्यावा, या नियमाला समावेशक गृहनिर्माण असे म्हणतात. या कल्पनेचे पहिले प्रयोग अमेरिकेत, वॉशिंग्टन शहराच्या आसपास झाले. ही गोष्ट मोठी बोधप्रद आहे.

पोटोमॅक नदीच्या एका काठावर व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स परगणा आहे. तेथे १९७१ साली असा नियम झाला की, ५० किंवा अधिक घरे बांधणाऱ्याने किमान १५ टक्के घरे कमी व मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी राखावीत. १९७३ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला. बाजारभावापेक्षा कमी दराने विकण्याची सक्ती म्हणजे मोबदला न देता मालमत्ता घेणे होय, असा न्यायालयाच्या निर्णयाचा आशय होता.

नदीच्या दुसऱ्या काठावर मेरीलँड राज्यातील माँटगोमेरी परगणा आहे. तेथील परिषदेने १९७३ सालीच असा कायदा संमत केला आणि १९७४ पासून तो अमलात आला. हिस्सा तोच, १५ टक्के. मर्यादाही तीच, ५० घरे. मात्र एक गोष्ट वेगळी होती. स्वस्त घरे देणाऱ्याला त्याच जमिनीवर नेहमीपेक्षा २० टक्क्यांपर्यंत अधिक घरे बांधण्याची मुभा देण्यात आली. एका हाताने घेतले ते दुसऱ्या हाताने परत केले. हा कायदा टिकला आणि पहिल्या तीन दशकांत त्यातून दहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली.

पुढे ही कल्पना अनेक शहरांनी स्वीकारली. न्यू यॉर्क शहराने २०१६ साली असे बंधन घातले की, जेथे नगररचनेत बदल करून अधिक बांधकामास परवानगी दिली जाईल तेथे घरांचा चौथा किंवा त्याहून थोडा मोठा हिस्सा कायमस्वरूपी परवडणारा असावा. काही शहरांत घर न बांधता त्याऐवजी रक्कम भरण्याचीही सोय असते आणि त्या निधीतून अन्यत्र घरे बांधली जातात.

आपल्याकडील वाटचाल

आपल्याकडे हा विचार वेगळ्या वाटेने आला. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने शहरातील मोकळ्या जमिनीवर मर्यादा घातली. मुंबईत ती ५०० चौरस मीटर होती. जादा जमीन सरकारने घ्यावयाची होती. पण कलम २० अन्वये सरकार सूट देऊ शकत असे आणि दुर्बल घटकांसाठी घरे बांधण्याच्या अटीवर अशा सवलती दिल्या जात. सूट घेऊन बांधलेली इमारत आणि तिच्यातील राखीव घरे, हे आजच्या नियमाचेच जुने रूप म्हणता येईल. महाराष्ट्रात हा कायदा २००७ साली रद्द झाला.

त्यानंतर नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्य शासनाने नवा नियम आणला. दहा लाख वा अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांच्या हद्दीत, ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर प्रकल्प करणाऱ्याने २० टक्के भूखंड किंवा तितक्या क्षेत्राची लहान घरे आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी द्यावयाची. त्यांचे वाटप म्हाडाच्या सोडतीने होते आणि किंमत बाजारभावाने न ठरता बांधकामाच्या सरकारी दराच्या आधारे ठरते. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही हे तत्त्व कायम राहिले. अण्णांचा अर्ज याच घरांसाठी होता.

एक काल्पनिक हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, एका जमिनीवर १०० घरे बसतात. प्रत्येक घर ६० लाखांना विकले जाते. बांधकाम, व्याज, कर आणि विकासकाचा वाजवी नफा मिळून घरामागे ३५ लाख लागतात. उरतात २५ लाख. म्हणजे १०० घरांचे २५ कोटी झाले आणि जमीनमालकाला विकासक जास्तीत जास्त तेवढेच देऊ शकतो.

आता नियम आला की, यांपैकी २० घरे ३५ लाखांना, म्हणजे जमिनीची किंमत न लावता द्यावीत. (प्रत्यक्षात ही घरे आकाराने लहान असतात, हिशेब सोपा व्हावा म्हणून येथे सारखी धरली आहेत.) जमिनीसाठी पैसा आता ८० घरांतूनच उभा राहणार. ८० गुणिले २५ लाख म्हणजे २० कोटी. पाच कोटींचा हा खड्डा कोणी भरावा? याला तीन उत्तरे संभवतात.

पहिले उत्तर, जमीनमालक. नियम आधीपासून जाहीर असेल आणि सर्वांना सारखा लागू असेल, तर कोणताही विकासक त्या जमिनीला २० कोटींहून अधिक देणार नाही. जमिनीचा भाव उतरतो आणि खड्डा भरतो. ती जमीन महाग झाली ती मालकाच्या कष्टाने नव्हे, तर शहराने रस्ते व पाणी आणल्यामुळे. तेव्हा हे न्याय्यच वाटते.

दुसरे उत्तर, विकासक किंवा उरलेले ग्राहक. जमीन २५ कोटींना घेऊन झाल्यावर नियम आला तर विकासक अडकतो. खड्डा भरण्यासाठी त्याला उरलेल्या ८० घरांची किंमत प्रत्येकी सव्वासहा लाखांनी वाढवावी लागेल. पण ग्राहक तेवढे देऊ शकत असते, तर त्याने ती आधीच लावली नसती काय? मग काम थांबते, शहरात घरे कमी होतात आणि सर्वांनाच महागात पडते. या नियमाचे टीकाकार नेमके यावरच बोट ठेवतात.

तिसरे उत्तर, शहर. १०० घरांच्या जागी १२० घरांची परवानगी दिली आणि वरची २० स्वस्त ठेवली, तर १०० घरे पूर्वीच्याच भावाने विकली जातात आणि कोणाचेच नुकसान दिसत नाही. माँटगोमेरीची युक्ती याच जातीची होती. आपल्या नियमातही या घरांचे क्षेत्र मूळ चटईक्षेत्राच्या हिशेबात न धरण्याची सवलत आहे. परंतु वाढलेल्या २० कुटुंबांना पाणी, गटार, शाळा, बस हे सारे लागतेच. तो भार महापालिकेवर, म्हणजे आपणा सर्वांवर पडतो. चटईक्षेत्र हेही एक प्रकारचे चलनच आहे, हे यावरून लक्षात येईल.

नियमातील फटी

पहिली फट मर्यादेची. ४००० चौरस मीटरला नियम लागतो म्हटल्यावर ३९०० चे तुकडे पाडण्याचा मोह होणारच. माँटगोमेरीनेही ५० घरांची मर्यादा टप्प्याटप्प्याने २० वर आणली.

दुसरी फट काळाची. स्वस्तात मिळालेले घर काही वर्षांनी बाजारभावाने विकले गेले, तर लाभ एका कुटुंबाला होतो आणि शहराच्या हाती काहीच उरत नाही. माँटगोमेरीत किमतीवरील बंधन सुरुवातीला पाचच वर्षांचे होते. त्यामुळे सुरुवातीची पुष्कळ घरे हातची गेली. पुढे १९८१ साली ते दहा वर्षे झाले आणि २००५ साली विक्रीच्या घरांसाठी ३० व भाड्याच्या घरांसाठी ९९ वर्षे झाले.

तिसरी फट मनाची. न्यू यॉर्कमध्ये एका इमारतीत स्वस्त घरांतील रहिवाशांसाठी वेगळे प्रवेशद्वार योजले गेले. त्यावरून मोठा वाद झाला आणि २०१५ साली राज्याच्या कायद्याने अशा वेगळ्या दारांना मनाई करण्यात आली. एकाच जमिनीवर घरे बांधली म्हणजे माणसे शेजारी होतातच असे नाही.

चौथी फट मला घरीच कळली. दुसऱ्या खेपेस अण्णांचा नंबर लागला. आईने शेजारी पेढे वाटले. नंतर कर्जासाठी एका बँकेत गेलो, तेव्हा पगारपत्रक मागितले गेले. गवंड्याला पगारपत्रक कोण देणार? आज या साइटवर तर उद्या त्या. खेपा घालता घालता पैसे भरण्याची मुदत टळली आणि घर गेले. किंमत खाली आणली तरी त्या किमतीपर्यंत पोहोचण्याची शिडी सर्वांकडे सारखी नसते. ज्याचे उत्पन्न रोजचे आहे त्याच्यासाठी विक्रीच्या घरांबरोबर माफक भाड्याची सार्वजनिक घरेही हवीत, असे माझे नम्र मत आहे.

समारोप

या नियमाने घरांचा प्रश्न सुटेल असे मानणे भोळेपणाचे ठरेल. जेथे बांधकाम तेजीत असेल तेथेच तो फळ देतो. तेजी ओसरली की बाजारभावाची घरे थांबतात आणि त्यांच्याबरोबर राखीव घरेही थांबतात. तरीही शहराने वाढविलेल्या जमिनीच्या किमतीतला काही भाग शहर बांधणाऱ्या माणसांकडे परत यावा, हे तत्त्व मला मोलाचे वाटते. आपल्यापैकी कित्येकांच्या घराशेजारी मोठे प्रकल्प चालू आहेत. त्यांत राखीव घरे किती, ती कोणाला मिळाली आणि आज तेथे कोण राहते, याची पाहणी आपल्या अर्थशास्त्र मंडळाने हाती घेतली तर ती उपयुक्त ठरेल. हिशेबात काही उणे राहिले असल्यास गुरुजनांनी दुरुस्त करावे.

वरचा हिशेब मी वहीत मांडून अण्णांना दाखविला. त्यांनी आकड्यांवरून दोनदा बोट फिरविले आणि विचारले, “पुढची सोडत कधी आहे?”