जपानचा रेल्वे पास: चौघांच्या सहलीचा हिशेब

टोकियो, क्योटो, ओसाका आणि परत टोकियो अशी आठवड्याभराची कौटुंबिक सहल असेल, तर जपान रेल्वे पास घेऊ नये, सुटी तिकिटे काढावीत. काही वर्षांपूर्वी याच्या नेमका उलटा सल्ला बरोबर होता आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. सात दिवसांचा साधा पास तेव्हा 29,650 येनला मिळत असे. 1 ऑक्टोबर 2023 पासून तो 50,000 येनचा झाला. चौदा दिवसांचा पास 47,250 वरून 80,000 वर आणि एकवीस दिवसांचा 60,450 वरून एक लाखावर गेला. दर बदलले, पण सल्ला जुनाच राहिला. आधी जाऊन आलेले नातेवाईक, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि पॅकेज विकणारा एजंट हे सगळे अजूनही ‘पास घ्या म्हणजे बघायला नको’ असेच सांगतात.

पास परवडतो की नाही हे कळण्यासाठी तिकीट कसे बनते ते आधी समजून घ्यावे लागते. लांब पल्ल्याच्या तिकिटात दोन रकमा असतात: अंतराप्रमाणे मूळ भाडे आणि जलद गाडीचा अधिभार. टोकियो ते क्योटो हे अंतर सुमारे 513 किलोमीटर आहे. त्याचे मूळ भाडे 8,360 येन आणि ‘हिकारी’ या शिंकानसेन म्हणजे बुलेट ट्रेनमधील राखीव जागेचा अधिभार साधारण 5,490 येन, म्हणजे एकूण 13,850. ‘नोझोमी’ या त्याहून जलद गाडीला तीनशेच्या आसपास येन जास्त पडतात. गर्दीच्या आणि मंदीच्या दिवसांत ही रक्कम थोडी वरखाली होते, पण फरक शेकड्यांतला असतो, हजारांतला नाही.

चौघांचे कुटुंब धरू: आई, वडील, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. जपानमध्ये सहा ते अकरा वयाच्या मुलांना अर्धे भाडे पडते, पासलाही आणि तिकिटालाही, आणि त्या अर्ध्या भाड्यात स्वतंत्र जागा मिळते. आपल्याकडे मुलासाठी वेगळा बर्थ मागितला की 2016 पासून पूर्ण भाडे घेतात, तसा प्रकार तिथे नाही. म्हणजे या घराची तिकिटे झाली साडेतीन. टोकियो-क्योटो 13,850, क्योटो-ओसाका साध्या गाडीने 600 च्या आत आणि शिन-ओसाकाहून टोकियोला परत सुमारे 14,400, अशी माणशी बेरीज 29,000 च्याही आत राहते. साडेतीन तिकिटांचे सुमारे एक लाख येन होतात. तेवढ्याच माणसांच्या पासचे होतात 1,75,000. येनचा भाव 55 ते 60 पैसे धरला, तरी चाळीस हजार रुपयांच्या वर रक्कम फुकट जाते. तेवढ्यात जपानमधल्या बऱ्यापैकी हॉटेलात या चौघांच्या दोन रात्री निघतात.

हिरोशिमा जोडले तरी चित्र पालटत नाही. टोकियोहून हिरोशिमाला जाऊन परत यायला माणशी 39,000 च्या आसपास लागतात. थेट फुकुओकापर्यंत जाऊन आले, तर आकडा 46,000 च्या जवळ जातो आणि मग मधल्या लहानसहान प्रवासांनी पास जेमतेम बरोबरीला येतो. पण सात दिवसांत मुलांना घेऊन फुकुओकापर्यंत धावणारे मराठी कुटुंब विरळाच.

पासचे दिवस सलग मोजले जातात, यात सर्वाधिक पैसे बुडतात. प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाच्या सहलीत पास पॅकेजमध्येच घातलेला होता आणि प्रवास कंपनीने तो विमानतळापासून सुरू करून दिला. नारिता एक्सप्रेसचे तिकीट माणशी तीनेक हजार येनचे, तेवढे वाचले. पुढचे दिवस टोकियोत गेले. तिथली फिरती मुख्यतः भुयारी मेट्रोने झाली आणि मेट्रोला हा पास चालत नाही. पास पासपोर्टच्या पाऊचमध्ये पडून राहिला आणि खिशातले येन फाटकावर खर्च होत राहिले. क्योटोला जाताना तो एकदाचा कामी आला. ओसाकाहून परतायचा दिवस आठवा निघाला. पास आदल्या रात्रीच संपला होता, त्यामुळे परतीच्या तिकिटांचे पैसे वेगळे मोजावे लागले. पास घ्यायचाच असेल, तर पहिल्या लांब प्रवासाच्या सकाळी सुरू करावा आणि शेवटचा लांब प्रवास सातव्या दिवसाच्या आत बसवावा. विमानतळावरून सुरू करणे बहुतेक वेळा तोट्याचेच ठरते.

पास फक्त जेआर (जपान रेल्वे) गटाच्या मार्गांवर चालतो आणि पर्यटक जिथे जातात तिथे जेआर असतेच असे नाही. हाकोनेला नेणारी ओदाक्यू खाजगी आहे. फुजीच्या पायथ्याशी कावागुचिकोला नेणारी ओत्सुकीपुढची रेल्वेही खाजगी. क्योटो शहरात तर फिरायचे ते मुख्यतः बसने. उलट मियाजिमाला जाणारी जेआरची फेरीबोट पासमध्ये बसते, आणि क्योटोहून नारा, इनारी, सागा-अराशियामा या छोट्या फेऱ्याही बसतात. मात्र या फेऱ्या काहीशे येनच्या आहेत, त्या धरून पन्नास हजार भरून निघत नाहीत. शहरातल्या फिरण्यासाठी सुईकासारखे आगाऊ पैसे भरायचे कार्ड पुरते. ते प्रत्येकाचे वेगळे लागते, एका कार्डावर चौघांना फाटकातून जाता येत नाही. मुलाचे अर्ध्या भाड्याचे कार्ड खिडकीवर पासपोर्ट दाखवून घ्यावे.

टोकियो-ओसाका मार्गावर सर्वांत जास्त धावतात त्या नोझोमी, आणि नेमक्या त्याच पासमध्ये नाहीत. 2023 पर्यंत पासधारकाला नोझोमीत बसताच येत नसे. आता वेगळे जादा तिकीट काढून बसता येते. टोकियो-क्योटोसाठी ते माणशी 4,960 येनचे आहे. हिकारी तासाला दोनच्या आसपास सुटतात आणि वीस-पंचवीस मिनिटे जास्त घेतात. हा वेळ फारसा नाही. त्रास होतो तो गर्दीच्या दिवसांत हिकारीत चार जागा एकत्र मिळवताना.

आणि मराठी कुटुंबे जातात ती गर्दीच्याच दिवसांत. शाळांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात, आणि 29 एप्रिल ते 5 मे हा जपानचा ‘गोल्डन वीक’, सगळा देश घराबाहेर पडण्याचा आठवडा. त्या काळात नोझोमीचे सगळे डबे राखीव असतात, जागा ठरवल्याशिवाय बसायला मिळत नाही. दिवाळीची सुट्टी कधी नोव्हेंबरात आली, तर क्योटोतील पानगळीचे रंग पाहायला आलेल्यांशी गाठ पडते. सुटी तिकिटे काढणाऱ्यालाही हे चुकत नाही, पण त्याला नोझोमी आणि हिकारी दोन्ही मोकळ्या असतात. राखीव जागा साधारण एक महिना आधी सकाळी दहाला खुल्या होतात, आणि टोकियो-ओसाका मार्गाच्या ‘स्मार्टएक्स’ ॲपवर त्याहीआधी मागणी नोंदवता येते. तिथे आधी काढलेल्या तिकिटांवर सवलतीही असतात. भारतीय कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधीच सुरू करून ठेवावा.

जागा ठरवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साध्या डब्यात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या असतात. चौघांनी एकाच रांगेत तीन आणि एक असे विभागून बसण्यापेक्षा दोनच्या बाजूच्या पुढच्या-मागच्या जोड्या घ्याव्यात; पायाजवळचा खटका दाबून पुढची जोडी फिरवली की सगळे समोरासमोर येतात. टोकियोहून जाताना ‘ई’ खुर्चीच्या खिडकीतून, आभाळ मोकळे असेल तर, फुजी दिसतो.

आपल्या लोकांच्या बॅगा मोठ्या असतात. लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज 160 सेंटिमीटरच्या वर गेली, तर या मार्गावर डब्याच्या मागच्या रांगेतली खास जागा राखावी लागते. राखण्याला जादा पैसे पडत नाहीत. न राखता बॅग आणली, तर हजार येन भरावे लागतात. पास असो वा तिकीट, नियम एकच. त्यापेक्षा मोठ्या बॅगा हॉटेलातून कुरियरने पुढच्या हॉटेलात पाठवाव्यात, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतात. चिवडा आणि थालीपीठाची भाजणी तेवढी हातातल्या पिशवीत ठेवावी.

फाटकावरची एक रीत आधी माहीत असलेली बरी. भाड्याचे आणि अधिभाराचे कागद वेगवेगळे मिळाले, तर दोन्ही एकावर एक ठेवून एकदम यंत्रात सरकवायचे. पलीकडे दोन्ही बाहेर येतात आणि ते उचलायलाच हवेत. मुले उत्साहाने धावत सुटतात आणि कागद यंत्राच्या तोंडात राहतात. पास हरवला, तर दुसरा मिळत नाही.

टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कासाईच्या आसपास, भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि त्यात मराठी घरेही आहेत. पुण्या-मुंबईहून आई-बाबा येतात तेव्हा वेगळाच पेच पडतो. पास फक्त तात्पुरता पर्यटक म्हणून आलेल्यांना मिळतो, नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या मुलाला नाही. आई-बाबांना पास काढला, की ते हिकारीला बांधले जातात आणि मुलगा-सून तिकीट काढून त्यांच्यामागे. अशा घरात सगळ्यांनी तिकिटेच काढावीत, म्हणजे एकाच गाडीत शेजारी बसता येते.

पास ज्यांना खरोखर परवडतो, त्यांचा प्रवास वेगळा असतो: एका आठवड्यात टोकियोहून कानाझावा, हिरोशिमा, फुकुओका करून परत, किंवा उत्तरेला होक्काइडोपर्यंत. मोठी मुले, कमी सामान आणि दर दुसऱ्या दिवशी गाव बदलायची तयारी हवी. एकाच भागात फिरायचे असेल, तर जेआरच्या प्रादेशिक कंपन्यांचे पास आधी पाहावेत. कानसाई आणि हिरोशिमा जोडणारा त्यांचा पास देशभराच्या पासपेक्षा बराच स्वस्त आहे.

निर्णयाचा क्रम असा ठेवावा: मुक्कामाची गावे ठरवावीत, प्रत्येक लांब टप्प्याचे तिकीट लिहावे, माणशी बेरीज करावी आणि मगच पासचा त्या दिवशीचा दर पाहावा. बेरीज पासच्या दराच्या वर जात नसेल, तर एजंट काहीही म्हणो, पॅकेजमधून पासची ओळ काढून टाकायला सांगावे.