चरबी सांगणारा वजनकाटा : वापर आणि निगा

वजन करायचे म्हणजे दवाखान्यात जायचे, असे पूर्वी होते. आता वजनकाटा घरात आला आहे. वजनाबरोबरच तो शरीरातील चरबी, स्नायू व पाणी यांचे आकडेही दाखवतो. हे आकडे कसे येतात हे ठाऊक नसले, तर माणूस विनाकारण घाबरतो किंवा विनाकारण निर्धास्त राहतो.

काटा काय मोजतो?

काट्यावर तळपायांखाली धातूच्या पट्ट्या असतात. जाणवणारही नाही असा अतिसूक्ष्म वीजप्रवाह त्यांतून एका पायात शिरतो व दुसऱ्या पायातून परत येतो. स्नायूंत पाणी व क्षार भरपूर असल्याने त्यांतून वीज सहज वाहते; चरबीत पाणी कमी, म्हणून तेथे विरोध जास्त. हा विरोध, वजन आणि आपण भरलेली उंची, वय, स्त्री की पुरुष ही माहिती, यांवरून काटा चरबीचा हिशेब करतो. म्हणजेच वजन हे मोजमाप आहे, चरबी हा अंदाज आहे. शिवाय प्रवाह मुख्यतः पायांतून वाहत असल्याने पोटावरची चरबी त्याला नीट कळत नाही.

तरीही चरबीचा विचार आपल्याकडे महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयातही चरबी जास्त असू शकते. म्हणून काट्याच्या जोडीला साधी मोजपट्टीही वापरावी. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटरच्या व स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या वर जाऊ देऊ नये.

वजन कसे करावे?

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर व चहापूर्वी वजन करावे. काटा सपाट, टणक फरशीवर ठेवावा, सतरंजीवर नको. पाय अनवाणी व स्वच्छ असावेत. टाचांना भेगा वा जाड कातडी असेल तर तळपाय ओल्या फडक्याने पुसून घ्यावेत, पण पाय निथळत असताना काचेच्या काट्यावर चढू नये. घसरण्याची भीती असते. जेवण, व्यायाम, ताप वा जुलाब यांनंतर चरबीचा आकडा भरवशाचा नसतो. एका दिवसाचा आकडा पाहून हुरळू नये की खचू नये. वहीत नोंद ठेवून महिन्या-दोन महिन्यांचा कल पाहावा.

कोणी वापरू नये?

हृदयाचा पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले विजेवर चालणारे इतर उपकरण असणाऱ्यांनी या काट्यावर उभे राहू नये. साधा काटा वापरावा. घरात पाहुणे आले तरी ही विचारपूस आधी करावी. गरोदर स्त्रियांनीही साध्या काट्यावरच वजन करावे. अंगावर सूज असणाऱ्यांच्या बाबतीत चरबीचा आकडा फसवा ठरतो.

निगा

काटा न्हाणीघरात ठेवू नये. दमटपणाने आतील भाग बिघडतात. किंचित ओलसर मऊ कापडाने पुसावा. पाणी ओतू नये, ॲसिड लावू नये. तळपायाचे तेल पट्ट्यांवर राहू देऊ नये. काट्यावर सामान रचू नये. जागा बदलली की पायाने दाबून शून्य येऊ द्यावे, मग चढावे. काटा तपासायचा असेल तर आधी स्वतःचे वजन करावे, मग पाच किलोची न फोडलेली पिशवी हातात घेऊन पुन्हा करावे. फरक पाच किलोच्या आसपास यावा. सेल सर्व एकदम बदलावेत. बटणासारखे चपटे सेल लहान मुलांपासून दूर ठेवावेत. मुलाने असा सेल गिळल्यास अन्ननलिकेला थोड्याच वेळात भाजल्यासारखी जखम होते. तत्काळ रुग्णालय गाठावे.

आकडा केव्हा गंभीर?

हृदयविकाराच्या रुग्णाचे वजन तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढले, तर ती बहुधा चरबी नसून साठलेले पाणी असते. अशा रुग्णाने वजन रोज करावे व वाढ दिसताच डॉक्टरांना कळवावे. उलट, आहार वा व्यायाम काही न बदलता वजन उतरू लागले तर आनंद मानू नये. मधुमेह, क्षयरोग, थायरॉइडचा विकार किंवा कर्करोग यांची ती पहिली खूण असू शकते. काटा आकडा दाखवतो, त्याचे कारण सांगत नाही. ते शोधण्यासाठी नोंदींची वही घेऊन डॉक्टरांकडेच जावे.